सगळंच लाल दाखवणारा नकाशा काय कामाचा?

जीआयएस वापरून किनाऱ्याचा 'संवेदनशीलता नकाशा' करणं हा सध्या सिनॉप्सिसमध्ये भलताच लाडका विषय आहे. डेटा फुकट मिळतो, क्यूजीआयएस फुकट मिळतं आणि शेवटी हिरव्यापासून लाल रंगापर्यंतचा देखणा नकाशा हातात येतो. उद्देशाच्या परिच्छेदात हमखास एक वाक्य असतं: 'हा नकाशा तेलगळतीच्या वेळी प्रतिसाद नियोजनासाठी उपयुक्त ठरेल.' आजची पोस्ट या एका वाक्याबद्दल आहे. उपयुक्त ठरेल, पण कसा? कोणाला? कोणत्या तासाला?

आधी मूळ पद्धत समजून घेऊ, कारण टीका करायची तर ती मूळ वस्तूवर करायची की तिच्या नकलेवर, हे ठरायला हवं. पद्धतीचं नाव एन्व्हायर्न्मेंटल सेन्सिटिव्हिटी इंडेक्स, म्हणजे ईएसआय. एरिक गुंडलाख आणि माइल्स हेज या दोघांनी 1978 मध्ये तिचा पाया घातला. दोघंही किनाऱ्यांच्या भूरूपांचे अभ्यासक. मॅजेलनच्या सामुद्रधुनीत 1974 मध्ये मेटुला, स्पेनच्या किनाऱ्यावर 1976 मध्ये उर्किओला अशी तेलवाहू जहाजं फुटली होती. तिथले किनारे पायी फिरून त्यांनी पाहिलं की एकच तेल, पण उघड्या खडकावरून लाटा ते धुऊन नेतात, वाळूत ते थोडं मुरतं, गोट्यांच्या किनाऱ्यात खोल उतरतं आणि आडोशाच्या चिखलात वर्षानुवर्षं बसून राहतं. या निरीक्षणाला त्यांनी 1 ते 10 असे क्रम दिले. 1 म्हणजे लाटा थेट आपटतात असा खडक. 3 म्हणजे बारीक ते मध्यम वाळूची पुळण. 6 म्हणजे गोट्यांचा किनारा, धूप रोखायला टाकलेल्या दगडांचे बांधसुद्धा यातच. 9 म्हणजे आडोशाचा भरती-ओहोटीचा चिखल. 10 म्हणजे खारफुटी, खाजण, तिवरांचं जंगल. क्रम ठरतो चार गोष्टींवरून: लाटा आणि भरतीचा जोर, उतार, जमीन कशाची आहे, आणि तिथलं जीवन किती समृद्ध आणि नाजूक आहे.

आता पुढचं नीट वाचा, सगळी गोम तिथेच आहे. जून 1979 मध्ये मेक्सिकोच्या आखातात इक्सटॉक-1 ही तेलविहीर फुटली. तेल उत्तरेकडे सरकत ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या टेक्सासच्या किनाऱ्याला लागलं. मधल्या काळात तयारीला सवड मिळाली आणि तेल पोचायच्या काही दिवस आधी त्या किनाऱ्याचे पहिले ईएसआय नकाशे तयार झाले. टेक्सासचा किनारा कसा आहे? बाहेर लांबच लांब वाळूची बेटं, त्यांच्या आत उथळ खारी सरोवरं आणि दलदल, आणि दोन बेटांमध्ये पाण्याला आत जायला अरुंद तोंडं. बूम म्हणजे तेल अडवायचा तरंगता पट्टा. असे पट्टे कुठे लावले? त्या अरुंद तोंडांवर. बाहेरच्या वाळूवर तेल येऊ दिलं, आतल्या सरोवरांत जाऊ दिलं नाही. वाळू खरवडता येते, दलदल खरवडता येत नाही.

म्हणजे नकाशानं 'हा किनारा महत्त्वाचा' एवढंच सांगितलं नव्हतं. 'हे वाचवायचं असेल तर ते सोडावं लागेल' असं सांगितलं होतं. ईएसआयचा अंक हा जागेची किंमत नाही. तेल तिथे पोचलं तर किती काळ राहील, किती नुकसान करेल आणि निघेल का, याचा तो क्रम आहे.

माझी पहिली तक्रार मूळ पद्धतीपेक्षा आपण तिचं जे करून ठेवलंय त्याबद्दल आहे. आपल्याकडच्या प्रबंधांमध्ये ठरलेली रेसिपी अशी: किनाऱ्याचा प्रकार, जैवविविधता, मानवी वापर असे थर घ्या. प्रत्येकाला गुण द्या. थॉमस साटी यांची एएचपी पद्धत वापरून थरांना वजनं द्या. गुणाकार, बेरीज, आणि एकच संयुक्त निर्देशांक. मग त्याचे पाच वर्ग, पाच रंग. झालं.

एक छोटं गणित करून बघू. समजा तिन्ही थरांना सारखंच वजन आहे आणि सगळे गुण 10 पैकी आहेत. पहिली जागा: खाडीतलं तिवरांचं आडबाजूचं जंगल. किनारा 10. तिथे फारसं कोणी जात नाही म्हणून मानवी वापर 1. पक्ष्यांची नोंद कोणी केलेलीच नाही म्हणून जैवविविधता 1. सरासरी 4. दुसरी जागा: गर्दीची पुळण. किनारा 3, मानवी वापर 5, जैवविविधता 4. सरासरी 4. नकाशावर दोन्ही जागा एकाच पिवळ्या रंगात.

पण प्रत्यक्षात दोन्हीकडे करायचं काम बरोबर उलटं आहे. तिवरांत तेल शिरण्याआधीच अडवायचं. शिरलंच तर घाईनं माणसं आत उतरवायची नाहीत, कारण पायांनी तेल चिखलात आणखी खोल जातं. पुळणीवर मात्र तेल येऊ देऊन गोळा करता येतं, वेळ पडली तर मुद्दाम तिकडे वळवता येतं. टेक्सासमध्ये जो निर्णय घेतला गेला तोच निर्णय या संयुक्त निर्देशांकानं पुसून टाकला. आणि हे पुसणं चुकून झालेलं नाही, पद्धतीतच ते आहे. 1 ते 10 हे क्रमवाचक आकडे आहेत. शर्यतीत पहिला आला, दहावा आला, तसे. 10 हे 5 च्या दुप्पट नाही. क्रमवाचक आकड्यांची सरासरी काढू नये हे आपण एम.ए., एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षी शिकतो आणि जीआयएस लॅबमध्ये शिरलो की दाराबाहेर ठेवून येतो.

(एएचपीच्या सुसंगती गुणोत्तराबद्दल जाता जाता. ते 0.1 च्या खाली आलं की आपण विजयी मुद्रेनं लिहितो, 'वजनं स्वीकारार्ह आहेत.' त्या आकड्याचा अर्थ एवढाच की तज्ज्ञानं स्वतःचंच म्हणणं फारसं खोडलेलं नाही. तो बरोबर आहे की चूक, याबद्दल तो आकडा काही बोलत नाही. व्हायव्हात हा प्रश्न येतो, तयारी ठेवा.)

मूळ नोआच्या, म्हणजे अमेरिकेच्या सागरी आणि वातावरणीय प्रशासनाच्या, ईएसआय नकाशांत असं मिश्रण केलेलं नसतं. किनाऱ्याचा क्रम एका रंगीत रेषेनं, जीवसृष्टी वेगळ्या चिन्हांनी, माणसांचा वापर आणखी वेगळ्या चिन्हांनी. तिन्ही एकमेकांवर ठेवलेले, पण एकमेकांत विरघळवलेले नाहीत. बघणाऱ्यानं निर्णय स्वतः घ्यायचा. नकाशा थोडा गिचमिड दिसतो खरा. पण माझ्या मते ती गिचमिड प्रामाणिक आहे.

आता मूळ पद्धतीकडेच वळू. त्यासाठी मुंबई बंदराइतकं चांगलं उदाहरण नाही. 7 ऑगस्ट 2010 ला न्हावाशेव्याहून बाहेर पडणारं एमएससी चित्रा आणि मुंबईकडे येणारं खलिजिया-3 ही दोन जहाजं धडकली. सुमारे 800 टन इंधन तेल समुद्रात गेलं. चित्रावरचे कंटेनरही पाण्यात पडले, त्यामुळे जहाजांचा मार्ग बरेच दिवस बंद राहिला. उरण, अलिबाग, घारापुरी, नवी मुंबईचा खाडीकाठ, सगळीकडे तिवरांच्या बुंध्यांना काळा थर बसला. पावसाळी मासेमारी बंदी संपायला आलेली, म्हणजे कोळीवाड्यांत बोटी पाण्यात उतरवायची तयारी चाललेली, आणि बाजारात मासळीला गिऱ्हाईक नाही.

या बंदराचा ईएसआय नकाशा मनातल्या मनात काढा. ठाणे खाडीचे दोन्ही काठ, उरणकडची खाजणं, घारापुरीचा बराचसा काठ. सगळीकडे 9 आणि 10. सगळंच लाल. टेक्सासमध्ये 3 आणि 10 शेजारी शेजारी होते म्हणून नकाशानं वाट दाखवली. इथे 10 च्या शेजारी 10 आहे. दोन बोटी आणि मोजकी बूम हातात असलेल्या तटरक्षक दलाच्या अधिकाऱ्याला हा नकाशा काय सांगणार? 'सगळं वाचवा'? ते त्याला नकाशाशिवायही ठाऊक आहे.

आणि बूम तरी सगळीकडे चालते का? पाण्याचा वेग साधारण 0.7 नॉटच्या वर गेला, म्हणजे सेकंदाला 35 सेंटीमीटरच्या आसपास, की आडव्या लावलेल्या बूमच्या खालून तेल निसटायला लागतं. मुंबईत मोठ्या उधाणाला पाणी साडेचार-पाच मीटरपर्यंत चढतं. एवढं पाणी सहा-सव्वासहा तासांत आत यायचं आणि तितक्याच वेळात बाहेर जायचं, तर बंदराच्या तोंडाशी वेग किती असेल याचा अंदाज करा. म्हणून बूम प्रवाहाला तिरकी लावावी लागते आणि तेल हळूहळू एखाद्या संथ कोपऱ्याकडे न्यावं लागतं. तिथून ते उपसायचं असतं. म्हणजे तिथपर्यंत टँकर जाईल असा रस्ता हवा, जेट्टी हवी, उपसलेला घाण माल ठेवायला जागा हवी. हा 'सोडून द्यायचा कोपरा' कुठला, हाच मुंबईचा खरा प्रश्न आहे. आणि त्याचं उत्तर भांगाच्या दिवशी एक आणि उधाणाच्या दिवशी दुसरं असू शकतं.

गंमत म्हणजे ही उणीव जाणकारांना माहीत आहे. तेल उद्योगाची इपिका आणि आंतरराष्ट्रीय सागरी संघटना यांनी मिळून 2012 मध्ये काढलेल्या मार्गदर्शिकेत नकाशांचे तीन स्तर सांगितलेत: सगळ्या किनाऱ्याचं चित्र देणारा धोरणात्मक, विभागाविभागाचा डावपेचांचा, आणि एकेका जागेचा प्रत्यक्ष कामाचा. तिसऱ्या नकाशात बूम कुठे बांधायची, रस्ता कुठून, ट्रक कुठे वळेल हे येतं. आपले बहुतेक प्रबंध पहिल्या स्तरावर थांबतात आणि उद्देशात मात्र तिसऱ्या स्तराचं वचन देतात. तिसरा नकाशा लॅबमध्ये बसून होत नाही, हे त्यामागचं साधं कारण. त्यासाठी ओहोटीला चिखलात जावं लागतं.

ईएसआयमधली एक गोष्ट मला खरोखर आवडते, आणि आपल्याकडच्या नकलांमधून नेमकी तीच गळते: महिन्यांचे रकाने. मूळ डेटात प्रत्येक प्राण्यापक्ष्याच्या नोंदीपुढे बारा महिने असतात. कोणत्या महिन्यात तो तिथे असतो, कधी अंडी घालतो. शिवडीच्या चिखलावर रोहित पक्षी येतात ते साधारण नोव्हेंबर ते मे. चित्राची टक्कर झाली ऑगस्टमध्ये, तेव्हा बहुतेक पक्षी तिथे नव्हते. कोकणात वेळास-आंजर्ल्याला कासवं अंडी घालतात तीही पावसाळ्यानंतर. म्हणजे महिना न बघता पक्ष्याचं चित्र नकाशावर ठेवलं तर ऑगस्टमधल्या गळतीत तुम्ही मोजकी बूम रिकाम्या जागेभोवती लावाल. पण थांबा, चिखल रिकामा नसतोच. शिंपल्या, कालवं, किडे, बारीक खेकडे तिथेच असतात, आणि नोव्हेंबरात येणारे पक्षी त्याच चिखलावर जगणार असतात. 'हजर आहे की नाही' यापलीकडचं हे नातं महिन्यांच्या रकान्यांत बसत नाही. इथे मूळ पद्धतही अपुरी पडते.

माणसांच्या बाबतीत तर जास्तच. 'मासेमारी' म्हणून एक चिन्ह असतं. पण मुंबईच्या आसपास डोल जाळी रोवलेल्या खुंटांना बांधतात. ते खुंट ठरलेल्या जागी असतात. कोणाचा कुठे, हे कोळीवाड्यात सगळ्यांना पाठ असतं, नकाशात मात्र कुठेच नसतं. डोल भरतीच्या प्रवाहावर चालते, म्हणजे प्रवाह कुठून कसा वळतो हे त्या माणसांना रोजच्या कामातून माहीत असतं. बूम तिरकी कुठे लावायची या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथेच आहे. प्रबंधात त्यांची गाठ पडते ती 'सामाजिक-आर्थिक थर' या नावाखाली, 1 ते 10 गुणांमध्ये.

नकाशे डिजिटल झाल्यानं काय बदललं? नोआनं 1989 पासून ईएसआय जीआयएसमध्ये करायला सुरुवात केली. 2007 मध्ये न्यू हॅम्पशायर विद्यापीठाबरोबर एर्मा ही ऑनलाइन प्रणाली उभी केली आणि 2010 च्या डीपवॉटर होरायझन गळतीत तिचा मोठा उपयोग झाला. जहाजं कुठे, तेल कुठे, कोणता किनारा तपासून झाला, हे सगळ्यांना एकाच पडद्यावर दिसू लागलं. आपल्याकडे हैदराबादची इन्कॉइस ही संस्था तेल कुठे सरकेल याचा अंदाज देते. त्यामागचं प्रारूपही नोआचंच, नोम नावाचं. ही प्रगती खरीच आहे, तिला नाकं मुरडण्यात अर्थ नाही.

पण कागदी नकाशाला एक शिस्त होती. कोपऱ्यात प्रमाण आणि वर्ष छापलेलं असायचं. 1:24,000 म्हणजे नकाशावरचा एक मिलिमीटर जमिनीवर 24 मीटर. पडद्यावर तोच थर तुम्ही झूम करत करत एका झाडापर्यंत नेता, आणि रेषा तितकीच ठाम दिसते. वर्षाचंही तसंच. वरळी ते मरीन ड्राइव्हचं उदाहरण घ्या. किनारी रस्त्याचं काम 2018 मध्ये सुरू झालं आणि जिथे खडप होतं तिथे बराच भाग भराव आणि दगडी बांधाचा झाला. म्हणजे ईएसआयचा वर्गच बदलला. 2018 पूर्वीचा थर आजच्या उपग्रहचित्रावर ठेवला तर सॉफ्टवेअर कुठलीही कुरकुर करत नाही.

बांधांचा विषय निघालाच आहे तर एण्णूर बघा. 28 जानेवारी 2017 ला चेन्नईजवळ कामराजर बंदराबाहेर दोन जहाजांची टक्कर झाली. नंतर माणसं बादल्यांनी तेल उपसतायत अशी छायाचित्रं आली, ती आठवत असतील. बरंचसं घट्ट तेल एर्णावूरजवळ, धूप रोखायला टाकलेल्या दगडांच्या कोपऱ्यात येऊन साचलं होतं. ईएसआयच्या हिशेबात दगडी बांध म्हणजे 6, मधला क्रम. पण बांधानं तयार केलेला कोपरा तेलाचा सापळा असतो, आणि एकेका तुकड्याला क्रम देणारी रेषा शेजारच्या तुकड्यांमुळे काय घडतं ते सांगत नाही. डिसेंबर 2023 मध्ये मिचौंग चक्रीवादळाच्या पुरात याच एण्णूर खाडीत पुन्हा तेल पसरलं. या वेळी ते समुद्राकडून आलंच नाही, मणलीच्या औद्योगिक पट्ट्याकडून पुराच्या पाण्याबरोबर आलं. खाडीच्या तोंडावर बूम लावायचा शहाणपणा इथे उलटा पडतो.

शेवटचा मुद्दा पडताळणीचा. संवेदनशीलता नकाशा बरोबर आहे हे सिद्ध कसं करायचं? प्रबंधांत बहुधा पाच तज्ज्ञांना विचारून वजनं ठरवतात आणि दुसऱ्या पाच तज्ज्ञांना विचारून नकाशा तपासतात. ही पडताळणी नव्हे, हे एकमत आहे. खरी पडताळणी तेल आल्यावरच होते, आणि तिचा डेटा अस्तित्वात आहे. मार्च 1989 मध्ये अलास्कात एक्सॉन व्हाल्डीझ जहाज फुटल्यानंतर किनारा तुकड्या-तुकड्यानं पायी तपासून ठरलेल्या तक्त्यात नोंदवायची पद्धत रुळली. तिला स्कॅट म्हणतात. त्याच प्रिन्स विल्यम साउंडमध्ये 2001 साली हजारो खड्डे खणून पाहिलं तेव्हा वर मोठे दगड आणि खाली गोटे असलेल्या किनाऱ्यांच्या पोटात बारा वर्षांपूर्वीचं तेल सापडलं. वरच्या दगडांनी लाटांपासून त्याचं रक्षण केलं होतं. गोट्यांचे किनारे क्रमात मधल्या जागेवर असतात आणि तेल मात्र दशकभर टिकलं. म्हणजे पद्धतीचा क्रम तपासता येतो, काही ठिकाणी तो डळमळतो, आणि हे कळलं ते फावडं घेऊन गेल्यामुळे.

हे काम आपल्याकडे करता येईल का? उरणच्या तिवरांत 2010 चं तेल आज चिखलाखाली कुठे किती आहे, बांधांच्या कडेला जास्त की आतल्या नाल्यांत जास्त, यावर एक नीट आखलेला प्रबंध होऊ शकतो. लागेल ते सामान फार नाही: नमुने घ्यायची नळी, कांदळवनात शिरायची रीतसर परवानगी, हायड्रोकार्बनची तपासणी करून देणारी प्रयोगशाळा, भरती-ओहोटीचं वेळापत्रक आणि चिखलाची वाट माहीत असलेला स्थानिक माणूस. नमुन्यात सापडलेलं तेल चित्राचंच आहे की बंदराच्या रोजच्या गळतीचं, हे ओळखण्याची रासायनिक बाजू अवघड आहे, त्यासाठी सहमार्गदर्शक रसायनशास्त्रातला घ्या. नकाशा त्यातही लागेलच. पण तो प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात, कुठे खणायचं ते ठरवायला.